दौडता हुआ चेहरा

स्थिर बसलेला माणूस छायाचित्रकारावर उपकार करीत असतो. खेळाडू असा उपकार कोणावरही करीत नाही, हे भोपाळसारख्या हॉकीच्या गावात कॅमेरा गळ्यात घालून फिरणाऱ्याला लवकरच कळते. १९५६ साली नवे मध्यप्रदेश राज्य झाले आणि नागपूरच्या सचिवालयातील बरीच मंडळी इकडे आली. त्यांत आमचे वडीलही होते. घरात क्रिकेटचे वेड, परंतु शहर हॉकीचे. ओबेदुल्ला खाँ सुवर्णचषकाची स्पर्धा येथे १९३१ पासूनची. १९७५ च्या विश्वचषकात, मलेशियाविरुद्धच्या उपांत्य सामन्यात बदली खेळाडू म्हणून उतरलेल्या आमच्या अस्लम शेर खाँने पेनल्टी कॉर्नरवर बरोबरी साधली, तेव्हापासून तर विचारूच नका!

आमच्या शेजारच्या खालांचा धाकटा मुलगा एका क्लबकडून डाव्या बगलेला खेळत असे. खाला मैदानावर कधी गेल्या नाहीत. त्यांच्या घरची रीतच तशी. १९७८ च्या हिवाळ्यात त्यांनी मला बोलावून घेतले आणि म्हणाल्या, "बेटा, एक तस्वीर चाहिए. चेहरा साफ़ हो, मगर दौड़ता हुआ."

मागणी साधी वाटते, पण हिशेब करून पाहावा. माझ्यापाशी १३५ मिलिमीटरचे भिंग होते. हिवाळ्यात चारनंतर ऊन उतरे, त्यामुळे छिद्र एफ ४ इतके उघडे ठेवणे भाग पडे. अशा वेळी १५ मीटरवरच्या माणसावर फोकस केला, तर पुढेमागे मिळून जेमतेम ३ मीटरांचा पट्टा स्पष्ट येतो. आपल्या दिशेने धावत येणारा मुलगा सेकंदाला ७ मीटर सहज कापतो. म्हणजे तो पट्टा अर्ध्या सेकंदातच संपला. शिवाय डोळ्याने पाहून बोट दाबेपर्यंत सेकंदाचा पाचवा हिस्सा जातो आणि तेवढ्यात गडी दीड मीटर पुढे! भिंगाचे कडे फिरवीत त्याचा पाठलाग करणे व्यर्थच. आडवा धावणारा त्या मानाने परवडतो, कारण त्याचे अंतर फारसे बदलत नाही. कॅमेरा त्याच्याबरोबर वळवीत नेला की झाले. पण आडव्या चेहऱ्यात खालांना अर्धाच मुलगा दिसला असता.

मग उपाय एकच : तो जेथे येणार, तेथे आपण आधीच जाऊन बसायचे. पेनल्टी कॉर्नरला हे सोपे, कारण चेंडू वर्तुळाच्या टोकाशीच अडविला जातो आणि फटका तेथूनच बसतो. डाव्या बगलेच्या खेळाडूचे तसे नाही. तरी त्यालाही एक अडचण असते. डावीकडून धावत येऊन चेंडू उजवीकडे मध्यात टाकायचा, तर पाय चेंडूभोवती वळवून घ्यावे लागतात आणि त्यापूर्वीचे एक पाऊल किंचित आखडते. हा मुलगा पाऊल कोठे आखडतो, हे मी तीन सामने कॅमेऱ्याशिवाय पाहत बसलो. ऐशबागच्या मैदानावर त्या जागी गवत उडालेला एक टक्कलवजा तुकडा होता. चौथ्या सामन्याला गोलरेषेमागे बसून त्या तुकड्यावर फोकस पक्का केला आणि तो तेथे पोहोचण्याच्या एक पाऊल आधी कळ दाबली. छत्तीस चित्रांच्या रिळातील अकरा त्याच्यावर खर्च झाली.

आता ऐशबागला कृत्रिम हिरवळ आली, आणि १९८५ च्या मिनोल्टा ७००० सारखे कॅमेरे स्वतःच फोकस करू लागले. माझ्या भाच्याचा कॅमेरा तर धावत्या माणसाचा डोळा ओळखून त्याला धरून ठेवतो. मला त्याचे कौतुकच वाटते. मात्र मध्ये दुसरा गडी आडवा आला, की आपला मुलगा कोणता, हे त्याला सांगावेच लागते.

त्या अकरांपैकी एक चित्र साधले. दोन्ही पाय जमिनीवरून सुटलेले, स्टिक पुसट, चेहरा लख्ख. खालांनी ते खिडकीशी नेऊन बराच वेळ पाहिले. मग मागच्या धूसर मुलावर बोट ठेवून विचारले, हा कोण? विरुद्ध संघाचा बचावपटू, मी म्हणालो.

"इसकी अम्मी को मत दिखाना," खाला म्हणाल्या.