आम्ही तिघी आणि कुंपण

सरड्याची धाव कुंपणापर्यंत, असे आपण सहज म्हणून जातो. कोकणात घर असले की ती धाव आपल्यालाही दरवर्षी घ्यावी लागते. भात कापून झाले की गावची गुरे मोकळी सुटतात आणि त्याआधी कुंपण बांधून झाले नाही, तर परसातली भाजी, नुकती लावलेली माडाची रोपे एका दुपारीत साफ होतात. म्हणून दिवाळीनंतर चार दिवसांची रजा काढून मी राजापूर तालुक्यातल्या आमच्या घरी जाते. सोबत फराळाचा डबा असतोच, पण त्याखाली जाड हातमोजे, पक्कड आणि बारीक तारेचे भेंडोळेही असते.

हे काम बाबांचे होते. २०१६ साली ते गेले आणि घरात आई एकटी राहिली. आम्ही दोघी बहिणीच. मी मुंबईत, धाकटी न्यू जर्सीत. तेराव्याला आलेल्या एका आजींनी आईला विचारले, "आता कुंपण कोण घालणार गं तुझं?" आई काही बोलली नाही. त्या वर्षी मी पहिल्यांदा कोयती हातात घेतली.

आमच्या घराला तीन तऱ्हांचे कुंपण आहे. रस्त्याच्या अंगाला जांभ्या दगडाचा गडगा, दोन बाजूंना वई आणि मागे ओढ्याकडे सिमेंटच्या खांबांवर काटेरी तार. गडगा सर्वांत गुणी. पावसात मागची माती भिजून फुगते आणि दोन-चार दगड ढकलून देते, एवढेच. ते परत रचताना मोठे दगड खाली आणि प्रत्येक दगड खालच्या दोन दगडांच्या सांध्यावर बसवायचा. फटी सिमेंटने बुजवायचा सल्ला पुष्कळ जण देतात; आम्ही ऐकत नाही. त्या फटींतूनच पाणी निघून जाते आणि गडगा उभा राहतो. पिंपळाचे किंवा उंबराचे रोप दिसले तर ते बोटभर असतानाच उपटावे. हात-दोन हात वाढले की मग दगडच उपटावे लागतात!

तारेचे दुखणे म्हणजे गंज. आमच्याकडे खारा वारा असल्याने जस्ताचा मुलामा लवकर जातो. सिमेंटच्या खांबांना उभ्या भेगा दिसू लागल्या की आतली सळई गंजून फुगली असे समजावे. असा खांब वरून कितीही लिंपला तरी फार टिकत नाही. तार झाडाला ठोकायची सवयही वाईट. झाड वाढता वाढता ती साल तार गिळून टाकते, आणि पुढे कधी ते झाड कापायची वेळ आली की करवतीचे दात जातात.

खरे काम वईचे. पावसाच्या सुरुवातीला मोगली एरंड, निरगुडी, पांगारा यांचे दांडे ओळीने रोवायचे. ते जगतात, पालवतात आणि जिवंत खांब होतात. मोगली एरंडाला गुरे तोंड लावत नाहीत. मात्र त्याच्या बिया विषारी असतात आणि दिसतात खाण्यासारख्या, तेव्हा सुट्टीत आलेल्या मुलांना ते आधी सांगून ठेवावे. दांड्यांच्या मधे करवंदीच्या काटेरी फांद्या दाबून बसवायच्या आणि आडव्या बांबूच्या कामट्या सुंभाने आवळायच्या. जिवंत दांडे टिकतात. सुक्या काठ्यांचे अर्धे वाळवी खाते, उरलेले पाऊस कुजवतो. त्यामुळे दरवर्षी वई जवळजवळ नव्याने घालावी लागते. येण्याजाण्याच्या वाटेवर आडव्या बांबूंचे बेडे असते. तेवढे एक सरकवायचे काम आई अजून स्वतः करते.

धाकटीला हे सगळे फोनवर सांगितले की ती हसते. तिच्या घराभोवती पांढऱ्याशुभ्र विनाइलचे कुंपण आहे. ते गंजत नाही, कुजत नाही, रंग द्यावा लागत नाही. उत्तरेच्या सावलीतल्या बाजूवर तेवढा हिरवट थर चढतो. तीन भाग पांढरे व्हिनेगर आणि सात भाग पाणी करून मऊ ब्रशने पुसले की ते पुन्हा नवे! व्हिनेगरमध्ये ब्लीच मात्र कधी मिसळू नये, त्यातून विषारी क्लोरीन वायू निघतो. हे आपल्याकडच्या न्हाणीघरांनाही लागू आहे. थंडीत विनाइल ठिसूळ होते, गवत कापायच्या यंत्राने त्यावर चरे पडतात, शेगडी जवळ ठेवली तर ते वितळून वाकडे होते. बाकी काही करावे लागत नाही. "माझं कुंपण वर्षातून एकदा आंघोळ करतं," ती म्हणते, "आणि तुझं दरवर्षी बाळंत होतं."

विनाइलचे कुंपण आणखी एक गोष्ट करत नाही. ते जागचे हलत नाही. वई हलते! नवे दांडे रोवताना वीतभर आत सरकले, तर पहिल्या वर्षी कुणाच्या लक्षात येत नाही. बाबा गेल्यानंतर दुसऱ्या पावसाळ्यात पूर्वेकडच्या भाऊबंदांनी वई घातली आणि मी गेले तेव्हा आमच्या बाजूचा रामफळाचा बुंधा वईत आला होता. मी काकांना विचारले. ते शांतपणे म्हणाले, "अगो, तुम्ही दोघी लग्न होऊन गेलेल्या. वहिनी आहेत तोवर आहेत. वीतभर जमिनीचं काय घेऊन बसलीस?"

त्या रात्री आईने ट्रंकेतून कागद काढले. जागेची वाटणी आजोबांच्या हयातीतच झालेली होती. बाबांनी मृत्युपत्र केले नव्हते, पण १९५६ च्या हिंदू वारसा कायद्यानुसार अशा वेळी विधवा पत्नी आणि मुली या पहिल्या वर्गातल्या वारस ठरतात, मुलीचे लग्न झालेले असो वा नसो. एकत्र कुटुंबाच्या वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला मुलाइतका जन्मतः वाटा महाराष्ट्राने १९९४ साली दिला, तोही आधी लग्न झालेल्या मुलींना वगळून. ती अट २००५ च्या देशव्यापी दुरुस्तीने गेली. काकांचे गणित त्या जुन्या अटीच्याही मागचे होते. आम्ही तलाठ्याकडे वारसनोंदीचा अर्ज दिला. फेरफार होऊन सातबारावर तिघींची नावे लागली, आणि मग मोजणीसाठी पैसे भरले.

मोजणीच्या दिवशी भूकरमापकाने अंगणात उभे राहून विचारले, "घरातलं पुरुषमाणूस कोण आहे?" आई म्हणाली, "सातबारा बघा ना. तिघी आहोत." शेजाऱ्यांना नोटीस गेलेली होती, काकाही आले. हद्द निघाली ती रामफळाच्या पलीकडे. काकांनी सही केली, चहा मात्र घेतला नाही.

पुढच्या पावसाळ्यात मी हद्दीच्या दगडांच्या रेषेत नवे दांडे रोवले. काका त्यांच्या ओटीवर बसून पाहत होते. दोन वर्षे बोलणे नव्हते. आईला त्याचे माझ्यापेक्षा जास्त वाईट वाटले, कारण अडीअडचणीला हाक मारायची ती त्याच घरात. माझ्या मते मोजणी करून घेतली हेच बरे झाले. पण मी मुंबईला परत येते आणि आई तिथे राहते, हेही खरे आहे.

तिसऱ्या वर्षी एका रात्री गव्यांनी वई मोडली. सकाळी आई उठून पाहते, तर काका मोडलेल्या जागेत करवंदीच्या फांद्या भरत होते. दगडाच्या रेषेतच. आईने चहा नेऊन दिला आणि त्यांनी तो उभ्यानेच घेतला.

आता दरवर्षी आमच्या बाजूचे मी छाटते, त्यांच्या बाजूचे ते. पांगाऱ्याचे तोडलेले दांडे दोन्ही घरांत वाटून घेतो, पुढच्या पावसात रोवायला. धाकटी तिच्या वाट्याचे पैसे न चुकता पाठवते. यंदा तिला थोडे जास्त पाठवायला सांगितले आहे, ओढ्याकडचे दोन खांब बदलावे लागतील.