लंडन? फक्त वीस तास!

‘लंडन किती लांब आहे गं?’ आईचा हा प्रश्न मी नेहमी हसण्यावारी न्यायचे. ‘नऊ-दहा तास,’ असं ठोकून दिलं की झालं. या उन्हाळ्यात दादाकडे जायला निघाले आणि कळलं, हिशेब इतका सोपा नाहीये!

मुंबई ते लंडन हवाई अंतर साधारण ७,२०० किलोमीटर. नॉनस्टॉप विमान नऊ-दहा तासांत पोचवतं. पण माझा प्रवास सुरू झाला कोथरूडमधून. एक्स्प्रेस-वे, घाटातलं ट्रॅफिक, मग मुंबईतलं ट्रॅफिक : चार तास. एअरपोर्टवर तीन तास आधी हजर. विमानात दहा तास. हीथ्रोला इमिग्रेशनची रांग, बॅगा आणि पिकॅडिली लाइनची ट्यूब : आणखी तीन तास. दादाच्या दाराची बेल वाजवली तेव्हा वीस तास झाले होते. म्हणजे निम्मा प्रवास तर जमिनीवरच!

समोरच्या स्क्रीनवर विमानाचा मार्ग वाकडा दिसत होता. पायलट चुकत नसतो हं! गोल पृथ्वी सपाट नकाशावर मांडली की जवळचा रस्ताही वाकडाच दिसतो. त्यात फेब्रुवारी २०२२ मध्ये युक्रेनवरचं आकाश प्रवासी विमानांना बंद झालं आणि कितीतरी विमानांना वळसा पडला.

कंटाळा आलाच, तर ८ जून १९४८ आठवायचा. त्या दिवशी एअर इंडिया इंटरनॅशनलचं ‘मलबार प्रिन्सेस’ मुंबईहून कैरो, जिनिव्हा करत लंडनला निघालं. त्याच्याही आधी, १९३२ मध्ये लंडनला महाराष्ट्र मंडळ सुरू झालं, तेव्हा आपली माणसं तिथे बोटीनं जायची. घरचं पत्रही बरेचदा बोटीनंच यायचं.

दादाला मात्र दहा तासही फार झाले होते. दोन वर्षांपूर्वी बाबांना मध्यरात्री अॅडमिट केलं. दादा मिळेल त्या विमानात बसला आणि त्याचा फोन बंद झाला. ‘खाली उतरल्यावर फोन सुरू करायची हिंमत होत नव्हती,’ त्यानं मला या वेळी पहिल्यांदाच सांगितलं. फोनवर माझा मेसेज होता : ‘बाबांनी चहा मागितला.’ तो मुंबई विमानतळावरच बसून रडला म्हणे. मला तर आम्ही हॉस्पिटलमध्ये जागलो तेवढंच आठवत होतं.

येताना पश्चिमेकडून वाहणारा जेट स्ट्रीम विमानाला मागून ढकलतो, त्यामुळे तासभर तरी वाचतो. पण उन्हाळ्यात घड्याळ साडेचार तास पुढे करावं लागतं, हिवाळ्यात साडेपाच. त्यामुळे रात्र कुठे गेली कळतच नाही.

घरी पोचल्यावर आईला खरं उत्तर दिलं, ‘वीस तास.’ ती क्षणभर गप्प बसली. मग म्हणाली, ‘दादाला सांग, निघताना पोटभर जेवून निघत जा.’