पेटीचा गांधार

आमच्या मुलुंडच्या पेटीवाल्यांच्या बैठकीत वाजवणं कमी आणि बोलणं जास्त, असं घरची मंडळी म्हणतात. खोटं नाही. कुणी बँकेतून निवृत्त, कुणाचं औषधांचं दुकान. पेटीवर पोट कुणाचंच नाही. पण नवी पेटी समोर आली की हात आधी भात्याकडे जातो. हवा किती धरते? सूर, म्हणजे आतल्या पितळी जिभा, पालिताण्याच्या की जुन्या जर्मन? सुरांचे संच दोन, खर्ज-नर, की तीन, खर्ज-नर-नर? राग कुठला, हे चहानंतर ठरतं.

तबलजी हातोडी घेऊन स्वतः तबला लावतो, सतारिया खुंट्या पिळतो, गवयाचा तर गळाच. आम्हाला मात्र सूर आयते मिळतात. पितळेची ती पातळ जीभ टोकाशी घासली की सूर चढतो, मुळाशी घासली की उतरतो, आणि ही सगळी घासाघीस कारागिरानं कधीच उरकलेली असते. आमचं निम्मं गाणं त्याच्या कानानं आधीच ठरवून टाकलेलं. मग त्याबद्दल बोलायचं नाही, तर कशाबद्दल?

उदाहरणार्थ गांधार. बाराही स्वर समान अंतरावर लावलेल्या पेटीचा शुद्ध गांधार तंबोऱ्यातून उमटणाऱ्या गांधारापेक्षा साधारण १४ सेंट चढा असतो. सेंट म्हणजे अर्ध्या स्वराचा शंभरावा भाग. कागदावर किरकोळ वाटतं, पण यमनमध्ये गवयानं गांधारावर मुक्काम केला की कानाला टोचतं. म्हणून काहीजण एक षड्ज धरून गांधार ट्यूनिंग करून घेतात. काळी एकला गोड झालेली पेटी मग काळी चारच्या गायिकेला साथ करताना रुसते. हा सौदा करावा का, यावर आमच्याकडे अख्खी संध्याकाळ जाते. ठाण्याच्या डॉ. विद्याधर ओकांनी तर थेट २२ श्रुतींची पेटीच घडवली. ते पेशानं डॉक्टर, म्हणून आम्हाला जरा जास्तच आपले वाटतात.

श्रुती नाहीत, मींड निघत नाही, असल्या आक्षेपांच्या वातावरणात आकाशवाणीनं १९४० साली पेटीवर बंदी घातली. ती सैल व्हायला १९७१ उजाडलं. पार्ल्यात वाढलेले, पेटीवर जीव असलेले पु. ल. आकाशवाणीच्या नोकरीत होते ते नेमके याच काळात! आमच्या बोलण्यात थोडा वकिली सूर लागतो, त्याचं मूळ इथं असावं.

शिवाय या बोलण्याची एक सोय आहे. साठी उलटलेल्या माणसाला ‘तुमचा हात जड पडतो’ असं कोण सांगणार? ‘काका, तुमच्या पेटीचा भाता जरा कडक आहे का हो?’ असं मात्र विचारता येतं. काकांना काय कळायचं ते कळतं. पुढच्या खेपेला हात हलका पडतो आणि श्रेय भात्याला जातं.

जर्मन सुरांची भक्ती मात्र मला अति वाटते. निम्मा गोडवा त्या नावातच असावा, अशी माझी शंका. डोळे मिटून दोन पेट्या ओळखा, अशी पैज मी अधूनमधून लावतो. जर्मनवाले म्हणतात, ‘पावसाळा सरू दे, हवा कोरडी झाली की बघू.’ दिवाळीत विचारलं, तर त्यांची पेटी नेमकी दुरुस्तीला गेलेली असते.