दगडावर काय कोरायचं?

ठाण्याच्या कोर्ट नाक्याकडून कळव्याच्या पुलाकडे निघालं की मध्यवर्ती कारागृहाचा तट लागतो. पोर्तुगीजांनी १७३० मध्ये बांधायला घेतलेला हा किल्ला मराठ्यांनी १७३७ मध्ये जिंकला, १७७४ च्या डिसेंबरअखेरीस तो इंग्रजांकडे गेला आणि पुढे त्याचा तुरुंग झाला. सावकारी जाचाविरुद्ध आणि कंपनी सरकारविरुद्ध बंड उभारणाऱ्या राघोजी भांगरे यांना २ मे १८४८ रोजी इथे फाशी दिली गेली. नाशिकचा कलेक्टर जॅक्सन याच्या वधानंतर १९ एप्रिल १९१० रोजी अनंत कान्हेरे, कृष्णाजी कर्वे आणि विनायक देशपांडे इथेच फासावर गेले. या चौघांनाही आपण हुतात्मा म्हणतो आणि ते योग्यच आहे. पण अकोले तालुक्याच्या डोंगरातल्या महादेव कोळी राघोजींचं बंड आणि नाशिकच्या गुप्त मंडळीची क्रांती यांत बासष्ट वर्षांचं आणि दोन वेगळ्या जगांचं अंतर आहे. ते पुसून एकच गौरवशब्द लावला, तर राघोजींच्या लढ्यातला सावकार दिसेनासा होतो. मरणाऱ्याचा सन्मान त्याचं मरण नेमकं सांगण्यात असतो. कारागृह हलवून इथे स्मारक करावं, ही मागणी जुनी आहे आणि मोकळ्या होणाऱ्या मोक्याच्या जागेचं पुढे काय होईल याबद्दलच्या शंकाही तितक्याच जुन्या आहेत. त्या वादाचा निकाल लागेल तेव्हा लागेल. तोवर तटाबाहेर, येणाऱ्याजाणाऱ्याला वाचता येईल अशा ठिकाणी चौघांची खरी हकिगत लिहायला कोणाची हरकत असावी?

ठाण्याहून लोकलने डोंबिवलीला उतरून पूर्वेला एमआयडीसीच्या दिशेने गेलं की घरडा सर्कलला कॅप्टन विनयकुमार सच्चान यांचं स्मारक आहे. जम्मू-काश्मीरमध्ये धारातीर्थी पडलेला हा अधिकारी डोंबिवलीचा. याच शहरातले तीन पर्यटक, एकमेकांचे नातलग, २२ एप्रिल २०२५ रोजी पहलगामच्या दहशतवादी हल्ल्यात मारले गेले आणि भागशाळा मैदानात शहराने त्यांना अखेरचा निरोप दिला. त्यानंतर मृत पर्यटकांना शहिदाचा दर्जा द्या, अशी मागणी देशभर झाली. राहुल गांधींनी ती मांडली, प्रकरण पंजाब-हरियाणा उच्च न्यायालयातही गेलं. खरं तर सैन्यात किंवा पोलिसांत असा अधिकृत दर्जाच नाही, हे केंद्राच्या गृह आणि संरक्षण खात्यांनी २०१७ मध्ये केंद्रीय माहिती आयोगापुढे सांगितलं होतं. म्हणजे जे सैनिकालाही कागदावर मिळत नाही, त्यावर राजकारण पेटलं. ज्या घरातला माणूस धर्म विचारून मारला गेला, तिथे शब्दांची काटेकोर चर्चा करणं निर्दयपणाचं आहे, असा आक्षेप कोणी घेईल. तो मला मनापासून समजतो. पण महाराष्ट्र सरकारने राज्यातल्या मृतांच्या कुटुंबांना पन्नास लाख रुपये जाहीर केले, ते कोणत्याही बिरुदाची वाट न पाहता. मदत बिरुदावर अवलंबून नसते आणि नसावी. सैनिक धोका ओळखून, शपथ घेऊन पुढे जातो. पर्यटकाने तसं काहीच पत्करलेलं नव्हतं, आणि त्याच्या मृत्यूतला अन्याय नेमका तिथेच आहे. त्याला सैनिकाचं बिरुद दिलं, तर त्याला सुरक्षित ठेवण्याची जबाबदारी कोणाची होती, हा प्रश्न बाजूला पडतो. डोंबिवलीत दोघांचंही स्मरण व्हावं, पण ज्याचं त्याच्या खऱ्या कारणाने.

पुढे कल्याणला दुर्गाडी किल्ल्याच्या पायथ्याशी खाडीकाठी टी-८० ही नौदलाची नौका आणली आहे. १९९८ मध्ये सेवेत आलेली आणि २०२१ मध्ये निवृत्त झालेली ही इस्रायली बनावटीची वेगवान गस्ती नौका. शिवछत्रपतींच्या आरमाराची सुरुवात ज्या परिसरातून झाली असं मानतात, तिथे ती असावी हे मला आवडतं. शस्त्रं पाहून मुलं थांबतात, आणि पुढाऱ्यांनी मनावर घेतल्याशिवाय असं काही उभं राहत नाही, हे दोन्ही मुद्दे खरे आहेत. म्हणूनच थांबलेल्या मुलाला वाचायला काय मिळतं, याला महत्त्व आहे. उद्घाटकाच्या नावाची पाटी त्याला काही शिकवत नाही. त्याला सांगावी अशी हकिगत याच परिसरात घडली आहे. डिसेंबर १७८० मध्ये इंग्रजांच्या जनरल गॉडर्डने वसईला वेढा घातला होता आणि कर्नल हार्टले या भागात त्याची पाठ राखत होता. ती फळी फोडायला आलेले मराठ्यांचे सेनानी रामचंद्र गणेश भिवंडीजवळच्या दुगाडला दाट धुक्यात लढताना पडले. त्यांच्या बाजूने लढणारा नरोन्हा हा पोर्तुगीज अधिकारी त्याच लढाईत जखमी झाला. ही हकिगत आजच्या कुठल्याही पक्षाच्या सोयीची नाही, म्हणून ती कोणी मागत नाही. वसई त्याच सुमारास पडली, म्हणजे रामचंद्र गणेश हरलेल्या लढाईत गेले. नौकेशेजारी पहिला फलक त्यांचा लावावा. त्यावर लढाईचं ठिकाण असावं, पराभवही असावा आणि नरोन्हाचं नावही असावं.