सुतारमेटाचा विमा

बी-बियाण्यांवर नेहमीच बोलतो. आज आमच्या सुतारदादांची गोष्ट ऐका. विजेच्या करवतीतून ढलपी उडाली अन् पाभर दुरुस्तीला आलेल्या शेतकऱ्याच्या डोळ्याला लागली. दवाखान्यासाठी दादांनी म्हैस विकली.

“साहेब, विमा होता की माझा!” ते म्हणाले. कागद वाचला, तर तो आगीचा विमा. लाकूड, यंत्रे जळाली तरच भरपाई. तो घ्या असे मीच सांगितले होते. पुढचे विचारले नाही, ही माझी चूक.

आम्ही दोघे तालुक्याला गेलो. दोन एजंटांनी “एवढ्याशा धंद्याला कशाला?” म्हणून वाटेला लावले. तिसऱ्याने समजावले: परक्याला इजा झाली तर सार्वजनिक दायित्व विमा. मदतनिसासाठी कामगार भरपाईचा विमा वेगळा. ती जबाबदारी मालकावर १९२३ च्या कायद्यापासूनच आहे. दादांनी दोन्ही घेतले.

तुमचे सुतारमेट, गिरणी वा वेल्डिंगचे दुकान असेल, तर एवढेच विचारा: माझा विमा नेमकी कोणाची भरपाई करतो? आणि करवतीवर झाकण बसवा. विमा पैसे देईल, डोळा देणार नाही.