मक्खी आणि माशी

मी शिकवते उर्दूत, लिहिते मराठीत. दोन्ही भाषांनी मधमाशीला माशीच ठरवून टाकलं आहे. तिकडे 'शहद की मक्खी', इकडे 'मधमाशी'. मधमाशीला पंख चार, खऱ्या माशीला दोन. सातवीच्या वर्गात हे समजावताना जीभ अडखळते. मधमाशीचं सोंग घेऊन फुलासमोर हवेत एका जागी थांबणाऱ्या, नांगी नसलेल्या माशीला तर वर्गात चालेल असं नावच सापडत नाही. कोथिंबीर फुलावर आली की ती आपल्याकडेही दिसते. नाइलाजाने 'हॉवरफ्लाय' म्हणते.

या कुळातली ब्लेरा फॅलॅक्स ही माशी ब्रिटनमध्ये उरली आहे ती फक्त स्कॉटलंडच्या केर्नगॉर्म भागातल्या पाइनच्या रानात. लिनियसने १७५८ साली तिचं वर्णन केलं. 'फॅलॅक्स' म्हणजे फसवी. काळं अंग, मागचं टोक नारिंगी-तांबडं. पण तिची खरी हकिकत अळीची आहे. जुन्या पाइनचा गाभा एका बुरशीने कुजतो. झाड कापलं की खुंटात खळगा पडतो, त्यात पाणी साचतं. त्या काळ्या, चिकट पाण्यात अळी वाढते, तिथले सूक्ष्मजीव खाते आणि मागच्या टोकाच्या नळीने श्वास घेते. लाकडासाठी लावलेली झाडं मात्र म्हातारी व्हायच्या आतच तोडली जातात. धडधाकट खुंट तिच्या काय कामाचा?

मग माणसांनीच करवतीने खुंटांत खळगे पाडले, त्यांत पाइनचा भुसा आणि पाणी भरलं. तिथल्या हायलँड वाइल्डलाइफ पार्कमध्ये जॅमच्या बरण्यांत अळ्या वाढवल्या, रानात सोडल्या. २०२२ साली रानात प्रौढ माशी दिसली, जवळजवळ दहा वर्षांनी.

हे ऐकून एका मुलाने विचारलं, "टीचर, मक्खी को कायको बचाने का?" बी.एड.ला शिकलेलं अन्नसाखळीचं उत्तर मी दिलं. त्याचं समाधान झालं नाही, आणि माझंही नाही.

आमच्या शाळेच्या आवारातही गुलमोहराचा एक खुंट आहे. तो उपटू नका, असं मी मुख्याध्यापकांना सांगितलं होतं. पावसाळ्यात त्यात पाणी साचलं, मुलं घोळक्याने बघायला आली. निघाल्या डासाच्या अळ्या. मोहल्ल्यात डेंग्यूचे रुग्ण होते. मुख्याध्यापकांनी खळग्यात वाळू टाकायला सांगितली, आणि ती मीच टाकली.