वाळवंटात वाळू किती?

दोस्तांनो, ‘वाळवंटाचं चित्र काढा’ असं बाईंनी सांगितलं तर तुम्ही काय काढाल? पिवळ्या वाळूच्या टेकड्या, एक उंट आणि वर तळपता सूर्य. बरोबर ना? हे चित्र खोटं नाही, पण अपुरं आहे बरं का! गेल्या हिवाळ्यात आम्ही दोघं, म्हणजे मी आणि तुमचे काका, आपली गाडी घेऊन राजस्थानातल्या मरू राष्ट्रीय उद्यानात फिरून आलो. त्या चित्रात काय काय राहून जातं, तेच आज सांगणार आहे.

पुण्याहून निघालो ते मुक्काम करत जोधपूरला पोहोचलो. तिथून जैसलमेर सुमारे २८० किलोमीटर. रस्ता असा सरळ, की जणू पट्टी ठेवूनच आखलाय! वाटेत पोखरण लागतं. भारताने १९७४ आणि १९९८ साली अणुचाचण्या केल्या, तेच हे पोखरण. तिथपर्यंत गाडी मी चालवली, पुढे काकांनी. डिकीत पाण्याचे दोन मोठे कॅन, स्टेपनीत हवा भरलेली आणि पेट्रोलची टाकी काठोकाठ. वाळवंटात शिरायचं तर एवढी तयारी हवीच.

हे उद्यान १९८० साली जाहीर झालं. जैसलमेर आणि बाडमेर अशा दोन जिल्ह्यांत ते पसरलंय. क्षेत्रफळ ३१६२ चौरस किलोमीटर. अख्खी मुंबई उपनगरांसकट पाच वेळा आत मावेल! त्यात गावं आहेत, शेतं आहेत, शेळ्या-मेंढ्यांचे कळप आहेत. आणि गंमत म्हणजे वाळूच्या टेकड्या जेमतेम पाचव्या हिश्श्यात आहेत. बाकी सगळा खडकाळ, गवताळ माळ.

जैसलमेरपासून १७ किलोमीटरवर आकल नावाची जागा आहे. तिथे जमिनीवर झाडांचे भलेमोठे ओंडके पडलेत. हात लावला तर दगड! सुमारे १८ कोटी वर्षांपूर्वी इथे घनदाट जंगल होतं. ती झाडं गाळाखाली गाडली गेली, पाण्यातली खनिजं लाकडात झिरपत गेली आणि लाकडाचा दगड झाला. जिथे आज वर्षाकाठी पंधरा-वीस सेंटिमीटर पाऊस पडतो, तिथे एकेकाळी जंगल! काका तर ओंडक्याजवळ बसूनच राहिले.

दुपारी एका ढाब्यावर बाजरीची रोटी आणि केर-सांगरीची भाजी खाल्ली. केर म्हणजे एका काटेरी झुडपाची फळं आणि सांगरी म्हणजे खेजडीच्या शेंगा. खेजडी म्हणजे कोण माहितीये? आपण दसऱ्याला जिची पूजा करतो, ती शमी! तिचा पाला शेळ्या-उंटांना, शेंगा माणसांना आणि सावली सगळ्यांना. तिची मुळं खूप खोल जातात, म्हणून पाऊस दडी मारून बसला तरी ती हिरवी राहते.

दुसऱ्या दिवशी पहाटे सुदासरीला निघालो. उद्यानाचा हा भाग कुंपण घालून राखलाय. परवानगी जैसलमेरला वनखात्याकडून काढावी लागते. बोचरी थंडी होती. सोबत एक वयस्कर वनरक्षक होते. सगळे त्यांना ‘काकोसा’ म्हणत, म्हणून आम्हीही म्हणू लागलो. गुडघाभर सेवण गवत वाऱ्यावर हलत होतं. चिंकारांचा कळप टुणटुण उड्या मारत गेला. एक खोकड बिळातून डोकावून पुन्हा आत! अर्धा तास झाला, तास झाला. आणि मग काकोसा हळूच म्हणाले, “बाईसा, धीरे बोलो. गोडावण!”

दुर्बिणीतून पाहिलं. डोक्यावर काळी टोपी, लांब पांढरी मान, तपकिरी पाठ. मीटरभर उंचीचा तो पक्षी राजासारखा डौलात चालत होता, मधेच वाकून टोळ टिपत होता. गोडावण म्हणजेच आपला माळढोक! नराचं वजन १५ किलोपर्यंत भरतं. उडू शकणाऱ्या जगातल्या सर्वांत वजनदार पक्ष्यांपैकी हा एक. मादी उघड्या जमिनीवर बहुधा एकच अंडं घालते. म्हणजे बघा, घरटं नाही, झाड नाही. मोकळा माळ हेच त्याचं घर!

आपल्या महाराष्ट्रातही १९७९ साली सोलापूरजवळ नान्नजच्या परिसरात माळढोकासाठी अभयारण्य झालं. पण आता तिथे एखादा दिसला तर दिसला. जगात मिळून रानात उरलेत ते दीडशेच्या आतच, आणि त्यातले बहुतेक या जैसलमेर जिल्ह्यात.

परतताना काकोसांनी क्षितिजाकडे बोट दाखवलं. पवनचक्क्या आणि विजेच्या तारांच्या रांगा. माळढोकाचे डोळे डोक्याच्या दोन बाजूंना असतात. बाजूचं छान दिसतं, पण नाकासमोरची तार वेळेवर दिसत नाही. अंग जड, म्हणून चटकन वळताही येत नाही. उडता उडता तारेवर आदळतो आणि संपतो.

“पण ही वीज वारा आणि उन्हापासून होते. कोळसा जाळण्यापेक्षा बरं नाही का?” काकांनी विचारलं.

काकोसा म्हणाले, “बरंच आहे, साहेब. वीज आम्हालाही हवी. पण पक्षी पण हवा ना!”

हाच पेच सर्वोच्च न्यायालयापुढेही आला. २०२१ साली न्यायालयाने माळढोकांच्या भागातल्या तारा जमिनीखालून नेण्याचा आदेश दिला. सगळीकडे ते जमणं अवघड, असं सरकारने सांगितल्यावर २०२४ साली तो आदेश बदलून तज्ज्ञांची समिती नेमली. दूरूनही दिसाव्यात म्हणून काही तारांवर फिरत्या चकत्या लावल्या आहेत. २०१९ पासून समच्या केंद्रात रानातून आणलेली अंडी यंत्रात उबवून पिल्लंही वाढवतात. तिथे आता पन्नासहून जास्त माळढोक आहेत. पण मुलांनो, पिल्लं कितीही वाढवली तरी ती सोडायची कुठे? त्यासाठी माळ हवा.

आणि इथेच आपण सगळे येतो. डोंगरावर झाडं असली की आपण ‘जंगल’ म्हणतो. नुसतं गवत असलं की म्हणतो ‘पडीक जमीन’! मग कुणी ती नांगरतं, कुणी तिथे कारखाना काढतं, तर कुणी चांगल्या मनाने सरसकट झाडं लावतं. झाडं लावणं चांगलंच, पण माळावर दाट झाडी झाली की माळढोकाचं घर मोडतं. त्याला चारी बाजूंनी दूरवर दिसायला हवं.

तुमच्या गावाबाहेरही असा एखादा माळ असेल. या रविवारी आई-बाबांना घेऊन तिथे जा. अर्धा तास गप्प बसा आणि वहीत लिहा: किती तऱ्हेचं गवत, किती किडे, किती पक्षी. यादी मोठी झाली की बाबांना विचारा, “या जमिनीला पडीक का म्हणायचं?” बघू या, काय उत्तर देतात!